सव्वा दुबई-मुंबई

हेन्रीने भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर दुबई आणि मुंबईच्या मध्ये बोटं टेकवली. चार बसली. मग तो स्टुलावर चढला आणि कॅनडाच्या पार वरच्या टोकाला, येलोनाइफ आणि इनुविकच्या मध्ये, तीच बोटं लावली. अंगठाही लागला.

"पाच! सव्वा दुबई-मुंबई," तो वरूनच व्हेरोनिकाला म्हणाला. "नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे. लग्नाला अजून वर्ष नाही झालं. करेनला सांग, इनुविक खलास."

जावई स्टॅनली येलोनाइफच्या एका हॉटेलात शेफ होता. इनुविकच्या हॉस्पिटलने लेकीला, करेनला, नर्सची जागा देऊ केली होती आणि उद्या उत्तर हवं होतं. तिला जायचं होतं. पण डॅडींना दुखवून नाही, असं ती आईला म्हणाली होती.

व्हेरोनिका दुबईजवळ अजमानच्या एका शाळेत फिजिक्स शिकवायची. भांडण्याआधी माप तपासायचं, ही तिची जुनी सवय. तिने नकाशाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पोटाकडे.

"हा टी-शर्ट घेतला तेव्हा त्यावरची अक्षरं एवढी रुंद होती?"

"माझ्या पोटाचं इथे काय काम?"

"पोटावर ताणली गेली, म्हणून रुंद दिसतात. नकाशाही वरच्या टोकाला तसाच ताणलेला असतो. गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवायची तर दुसरं काय होणार?"

हेन्रीने मान खाली घालून अक्षरं वाचली. "मग खरं किती?"

"अकराशे किलोमीटर. दुबई-मुंबईच्या अर्ध्याहून थोडं जास्त. विमान लहान, मध्ये एक थांबा, म्हणून अडीच तास."

"अडीच? मग बाजूलाच की! यल्ला, लाव फोन."

करेननेच उचलला. हेन्रीने तिला हॅलोही म्हणू दिलं नाही. "घे गं बाय, घे नोकरी! मुंबईपेक्षा जवळ आहे!"

पलीकडे ती हसली. मग म्हणाली, "थँक्यू, डॅडी. पण मी आणि मम्मी वसईत होतो तेव्हा तुम्हीही दुबईत, तीनच तासांवर होतात ना? वर्षातून एकदा, ख्रिसमसला यायचात."

तिच्या आवाजात राग नव्हता. व्हेरोनिकाने नवऱ्याकडे बघायचं टाळलं. तो सावकाश स्टुलावरून उतरला आणि त्याच स्टुलावर बसला.

"स्टॅनलीला दे," तो म्हणाला.

"हां डॅडी, बोला."

हेन्रीने घसा खाकरला. बांधकामाच्या साइटवर माणसांना कामाला लावताना काढायचा तो आवाज त्याने काढला, पण तो नीट जमला नाही.

"हे बघ बाबा, तिची वाट बघत बसू नको, तू जायचं. आणि ख्रिसमसपर्यंत थांबायचं नाही."