न्यायला आलेली गाडी

लघवीची नळी काढून झाली होती. डॉ. यमुना कानडे यांनी प्रयागबाईच्या अंगाखालच्या चादरीवरून हात फिरवला आणि तळहात उजेडात धरून पाहिला. कोरडा होता.

"ऊठ, प्रयाग. आता गळणार नाही."

प्रयागबाई उठून बसली. तरी सवयीने तिने लुगड्याचा बोळा मांडीखाली ओढलाच. बाळंतपणात मूल गेलं तेव्हापासून तिची लघवी थांबत नव्हती. सासरच्यांनी तिला आधी गोठ्यात निजवलं, मग माहेरी आणून टाकलं. तिच्या गावाकडे, वांकिडीला, सगळे देवीचा कोप म्हणायचे. आदिलाबादच्या या दवाखान्यात कानडेबाईंनी तपासून सांगितलं होतं, कोप नाही, आत भोक पडलंय, शिवता येईल. पहिल्या खेपेचे टाके तुटले. दुसऱ्या खेपेचे टिकले.

आई सोनाबाईने व्याह्यांकडे निरोप धाडला होता. म्हणून आज सासरा पांडुरंगराव आणि नवरा मारोतराव गाडी घेऊन दाराशी आले होते. ती दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच. सोनाबाईने डोळे पुसत लेकीचं बोचकं बांधायला घेतलं.

"बरी झाली ना, बाई?" पांडुरंगरावांनी दारातूनच विचारलं.

"झाली. पण न्यायच्या आधी मला एक सांगा. कळा सुरू झाल्यावर हिला इथं का आणलं नाही?"

"कापूस निंगाला होता ना. गाडी कापूस घिऊन जिनात गेलती."

"घरात एकच गाडी आहे?"

"नाई, दोन हायेत. पन दुसऱ्या गाडीचे बैल थकले होते." पांडुरंगराव समजावणीच्या सुरात म्हणाले, "ऐन हंगामात जनावर बसलं तं मंग वावरात कोन जाईन, बाई?"

कानडेबाईंचे कान तापले. त्या हळू बोलू लागल्या, कारण मोठ्याने बोलल्या असत्या तर आवाज फाटला असता.

"ऐका. हिचं कमरेचं हाड अरुंद आहे. मुलाचं डोकं अडकलं आणि अडकूनच राहिलं. मधे लघवीची पिशवी चेंगरली. तिथलं मांस मेलं, कुजलं, गळून पडलं. देवीनं काही केलेलं नाही. वेळेवर आणली असती तर पोट कापून मी मूल काढलं असतं. ते आज अंगणात खेळत असतं."

मारोतरावाने मान खाली घातली. पांडुरंगरावांनी नुसतं "हां" म्हटलं.

"पुढच्या खेपेलाही मूल अडेल. तेव्हा हिला पुरे दिवस भरायच्या आधीच दवाखान्यात ठेवायचं. घरी कळा सुरू झाल्या, तर टाके उसवतील. हीही राहायची नाही."

"इथंच ना?" पांडुरंगरावांनी विचारलं.

"इथं नाही. नांदेडला."

त्या महिन्यात हैदराबाद राज्य मोडलं होतं. आदिलाबाद आंध्रात गेलं, नांदेड मुंबई राज्यात. कानडेबाई मराठवाड्याच्या, म्हणून त्यांच्या नांदेडला तबादल्याचा हुकूम निघाला होता. त्यांच्या जागी कोणाचंच नाव आलेलं नव्हतं. पोट कापून बाळंतपण करणारं किंवा असे टाके घालणारं दुसरं कोणी या दवाखान्यात नव्हतं.

"नांदेड तं आता परमुलखात गेलं," पांडुरंगराव म्हणाले.

"जिथं बाई जगते, तिथं न्यायची. मला कबूल करा आणि मग घेऊन जा."

पांडुरंगरावांनी थोडा विचार केला. मनात काही वाईट आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर मुळीच दिसत नव्हतं.

"पाहू," ते म्हणाले. "तवा बैल मोकळे असन, तं आनू."

प्रयागबाई खाटेवरून उतरली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सासऱ्यासमोर आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. नवऱ्याकडे तोंड करून थेट विचारलं.

"तुमी काय म्हन्ता?"

मारोतरावाने बापाकडे पाहिलं. "बापू म्हन्तेत तसंच होईन."

तिने आईच्या हातून बोचकं काढून घेतलं आणि खाटेवर ठेवलं.

"मी नाई येत."

"पोरी, नवरा घ्याले आला हाय," सोनाबाई कळवळून म्हणाली. "असं कोनाच्या नशिबी असते?"

"माय, तुह्याकडं राहू देशीन का नाई, तेवढं सांग."

सोनाबाईने लेकीचा दंड धरून तिला आपल्याजवळ ओढलं.

"लोकाईले काय सांगू मंग आमी?" पांडुरंगरावांचा आवाज आता चढला. "चांगली झालेली बाई येत काऊन नाई म्हनून इचारतीन ना."

"सांगजा का बरी नाई झाली," प्रयागबाई म्हणाली. "अजून गळते म्हनून सांगजा."

पांडुरंगराव उपरणं झटकून चालते झाले. मारोतरावाने एकदा मागे वळून पाहिलं आणि बापामागे गेला. गाडीची चाकं वाजली.

कानडेबाई खाटेच्या कडेला टेकल्या. त्या थकलेल्या दिसत होत्या.

"प्रयाग, तू केलंस ते बरोबर केलंस. पण तसं नको होतं सांगायला. गावोगाव तुझ्यासारख्या कितीतरी गोठ्यात पडून असतील. शिवून बरं होत नाही असं ऐकलं, तर त्यातली एकही इथं येणार नाही."

प्रयागबाईने बोचकं काखेत घेतलं.

"आल्या, तरी इथं आता कोन हाय, बाई?"