दोन रेघा पुढे

“आई, थांबा. झाला हिरवा,” सून हळूच म्हणाली.

सासूबाईंनी नळीची तोटी फिरवली, पण तोवर थेंब पुढे गेलेच होते.

“मला दिसतंय,” त्या फणकारल्या. “डोळे काय तुझ्या माहेरून उसने आणलेत?”

सुनेने चंबू धुतला आणि तीच माती पुन्हा वजनाला घेतली.

त्यांच्या प्रयोगशाळेत जंगलातून पिशव्या भरून माती यायची, बाटल्यांतून ओढ्याचं पाणी यायचं, पोत्यांतून पालापाचोळा यायचा. पाला भट्टीत वाळवून तोलायचा, पाणी गाळून तपासायचं. सगळ्यात नाजूक काम मातीचं. चाळलेल्या मातीत औषधं घालून चंबू काचेच्या उभ्या नळीखाली धरायचा आणि वरून थेंब थेंब सोडायचा. निळसर जांभळा रंग एका थेंबात हिरवा होतो. तिथेच हात थांबला पाहिजे. मातीत किती पाला कुजून मुरलाय, ते मग नळीवरची रेघ सांगते. हात पुढे गेला की रेघ खोटं बोलते.

सासूबाईंचा हात उभ्या जन्मात पुढे गेला नव्हता. शाळेशी त्यांचं कधी जमलं नाही, पण या नळीशी जमलं. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. नवीन साहेब आले की तेच आधी यांना सलाम ठोकायचे.

मुलगा गेला तेव्हासुद्धा त्यांनी चारचौघांत टिपूस गाळलं नाही. सून मात्र पार खचली. भिंतीकडे तोंड करून बसायची. ताट पुढे सरकवलं तर जेवायची, नाही तर तशीच. शेजारणी समजूत घालून दमल्या. सासूबाईंनी समजूत घातली नाही. बसलीच आहेस तर भिंतीचे पोपडे तरी मोजून ठेव, एवढंच म्हणाल्या.

मग एकदा सुनेला भातात खडा लागला. पुढच्या जेवणाला आणखी एक. सासूबाईंनी निवडलेल्या तांदळात खडा निघणं म्हणजे सूर्य चुकून पश्चिमेला उगवणं. कितीतरी दिवसांनी सुनेने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्या सुईत दोरा ओवत होत्या आणि दोरा सुईच्या बाजूने जात होता. विचारलं तर म्हणाल्या, हल्लीच्या सुयांना भोकंच धड नसतात.

दुसऱ्या सकाळी सून केस विंचरून दारात उभी. डबा मी घेते, तुमच्याबरोबर येते, म्हणाली. मी काय पाळण्यातली आहे, म्हणून सासूबाईंनी तिला परतवून पाहिलं. पण सून चिवट निघाली. डबा घेऊन आली ती राहिलीच. आधी चाळणी धरली, मग तराजू, मग नळी. साहेबांनी तिला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं.

सासूबाई शिकवायच्या कमी, टोचायच्या जास्त. म्हैस पिळत नाहीयेस, तोटी हलकी धर, म्हणायच्या. सून ऐकून घ्यायची आणि त्यांचं चुकलेलं गुपचूप पुन्हा करायची, साहेबांना कळू न देता. घरी जाताना दोघी वाटभर हिरव्या रंगावरून भांडायच्या. एकदा तर भांडताभांडता सून हसली.

तिला धास्ती एकाच गोष्टीची होती. साहेब अधूनमधून जंगलाच्या पिशव्यांत आपल्याही पिशव्या मिसळायचे. त्या मातीचं उत्तर त्यांना आधीच ठाऊक असायचं. ज्याचं उत्तर जुळेना, त्याचा हात नळीवरून काढला जायचा.

आणि आता तर त्यांनी आपल्याच पिशव्या देऊन दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. भिंतीपलीकडून सुनेला ‘थांबा’ म्हणता येईना. हाताने आपली माती तपासत ती कान पलीकडे लावून होती.

जेवणानंतर साहेबांनी दोघींना बोलावलं. सुनेचं सगळं जुळलं होतं. सासूबाईंचं एकही नाही. इथून पुढे नळी सुनेकडे, नोकरीही कायमची, असं साहेबांनी टेबलाकडे बघत सांगून टाकलं.

“मला आईंची जागा नको,” सून म्हणाली.

“जागा काही माझ्या बापाने आंदण दिली नव्हती,” सासूबाई म्हणाल्या. “नको असेल तर घरी भिंत आहेच.”

मग सून म्हणाली, “घेते. पण तुम्ही रोज माझ्याशेजारी येऊन बसायचं. टोचायला.”

“बघते. सवड झाली तर.”

तेवढ्यात ओढ्याच्या पाण्याच्या बाटल्या आल्याची हाक आली. ते पाणी ताजं असतानाच तपासावं लागतं. सुनेने डोळे पुसले, बाह्या सरसावल्या आणि ती गेली. लगेच बाहेरून तिचा आवाज ऐकू आला. बाटल्या उन्हात कशाला मांडल्यात, सरबत विकायचंय का, म्हणून ती कोणाला तरी फैलावर घेत होती.

साहेब दाराकडे बघून हसले. मग सासूबाईंकडे वळले.

“बाई, ज्याला रंग दिसत नाही त्याचा हात कधी एक रेघ चुकतो, कधी सहा. तुमचा प्रत्येक मातीला मोजून दोनच रेघा चुकलाय.”

सासूबाईंनी उठून दार लोटलं.

“हळू बोला,” त्या म्हणाल्या. “तिला ऐकू जाईल.”