पंधरा बादल्या पाणी

ऐक ना, मधे बोलू नकोस, आधी पूर्ण ऐक.

आपला नळ्या प्लंबर आहे ना, त्याच्या ताईकडे माशांची भलीमोठी टाकी आहे. आठ फूट लांब, हॉलची अख्खी भिंत खाल्लीय तिने. शौक भाऊजींचा. वर्षापूर्वी भाऊजी कामाला म्हणून बाहेरगावी गेले आणि टाकी पडली ताईच्या गळ्यात.

दर रविवारी थोडं जुनं पाणी उपसायचं, तेवढं नवं भरायचं. पंधरा बादल्या! ताई एकटीच करायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. कंबरेचा पार भुगा झाला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक बादली उचललीत तर कायमच्या अंथरुणाला खिळाल. आठ दिवस दवाखान्यातच ठेवून घेतलं.

जाताना तिने नळ्याला किल्ली दिली. "माशांना खाणं टाक, बस. पाणी मी आल्यावर बघेन."

"तू बघणार? कंबर काय भाड्याने आणणार आहेस?"

"नळ्या, सांगितलं तेवढं कर."

"भाऊजी तिकडे मजेत, आणि तू इथे मर त्यांच्या माशांपायी."

"मजेत कुठले रे," एवढंच बोलली ताई.

आता नळ्या ऐकतोय होय! दोन मासे उडी मारून सोफ्यामागे वाळून पडले होते, म्हणून आधी झाकणं केली. प्लास्टिकचा जाड पत्रा कापला, तीन तुकडे, मधे बिजागऱ्या, खाणं टाकायला छोटं दार, कोपऱ्यात पाइपापुरती खाच. मग खाचेतून पाइप घातला, खाली कॉक बसवला, पाइपाचं दुसरं टोक सरळ मागच्या गटारात. नव्या पाण्याला गच्चीवरून वेगळी लाइन. एक कॉक सोडला की जुनं बाहेर, दुसरा सोडला की नवं आत. बादली म्हणून नाही!

काम चालू असताना मागच्या खोलीतून दोनदा धप्प आवाज आला. दाराला कुलूप. अडगळीत उंदीर असतील, नळ्या म्हणाला.

रविवारी त्याने पाणी बदललं. दहा मिनिटांत. सोमवारी दुपारी ताई आली, कंबरेला पट्टा बांधून. नळ्याने ऐटीत कॉक दाखवला.

"पाणी बदललंस?" ताईचा आवाजच बदलला. "जुनं पाणी कुठंय?"

"गटारात. आणखी कुठे?"

"सगळं?"

ताई पांढरीफटक. ब्लाउजमधून किल्ली काढली आणि पट्ट्यासकट धावत सुटली मागच्या खोलीकडे. नळ्या तिच्या मागे.

आत विटांचा हौद. पाझरून पाझरून तळाला वीतभर हिरवट पाणी उरलेलं. त्यात भाऊजी.

कुशीवर पडलेले. डोळे उघडे, पापणी हलत नव्हती. मानेला दोन्ही बाजूंनी चिरा, त्या उघडत होत्या, मिटत होत्या. तोंडही तसंच. आवाज नाही.

"त्यांना तेच पाणी लागतं!" ताई ओरडली. "माशांचं!"

नळ्याने गटारातलं टोक ओढून आणलं, हौदात टाकलं, कॉक सोडला. पाणी चढलं. भाऊजी बुडाले तेव्हा कुठे शांत झाले.

ताईने डोळे पुसले. नळ्याच्या पाठीवरून हात फिरवला. "शहाणा रे माझा भाऊ. कंबर वाचवलीस माझी. आता एकच कर. हॉलमधल्यासारखं झाकण यालाही बसव, पण कडी वरून. गेल्या महिन्यात ते दारापर्यंत गेले होते."

नळ्याने टेप काढली आणि हौदावर वाकला. तेवढ्यात पाण्यातून गार हात आला आणि त्याच्या मनगटावर घट्ट बसला. भाऊजींचे ओठ हलले. या वेळी नीट कळलं. झाकण नको.

"झालं का रे माप?" ताई मागे उभी.

आता सांग, तू असतास तर काय केलं असतंस?