जालिंदरचं मशीन

“न्हाय,” प्रदीपकाका म्हणाले. “अजून न्हाय आलं.”

साक्षीनं कपाळाला हात लावला. सकाळपासून तिनं मशीनमधला एक कपॅसिटर काढून दुसरा बसवला होता, तो काढून तिसरा. दर वेळी गिटार वाजवायची आणि दर वेळी काकांची मान आपली आडवीच! एखाद्याला वाटावं, माणूस मुद्दाम छळतोय.

“काय कमी आहे, ते तरी सांगा की काका.”

“ते सांगता आलं असतं तर मग काय पायजे हुतं?” काका हसले. “तू कर. आलं की मी सांगतो.”

मशीन म्हणजे गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह असलेला. सोलापुरात वीरभद्रप्पा नावाच्या कारागिरानं असे मोजकेच हातानं बनवले होते. म्हातारा मोठा विक्षिप्त. वाजवणाऱ्याला आधी समोर बसवून ऐकायचा, मग त्याच्या हाताला शोभेल असा आवाज त्या मशीनला द्यायचा. त्यामुळं एकासारखं दुसरं नाही. साक्षीच्या बाबांचं, जालिंदरचं, मशीन भीमगीतांच्या गायन पार्टीबरोबर गावोगाव फिरलं. करमाळ्याचा कार्यक्रम करून परतताना टेम्पो उलटला. बाबा गेले, मशीनचाही चुरा झाला. साक्षी तेव्हा धड चालतसुद्धा नव्हती.

बाबांचा चेहरा फोटोत होता. आवाज कुठंच नव्हता. आई म्हणायची, “तुझ्या बाबांची गिटार ऐकली की हातातलं काम सुटायचं गं,” आणि पदर डोळ्यांना लावायची. साक्षीला तर रडण्यापुरतंही काही आठवत नव्हतं, आणि त्याचंच तिला फार वाईट वाटायचं. गेल्या वर्षी आईही गेली, तसा तिच्या जिवाला घोर लागला. तो आवाज ओळखणारं आता एकच माणूस उरलं होतं.

तिनं पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीतल्या नोकरीतून रजा टाकली. मैंदर्गीला चनमल्लप्पा नावाच्या एका जुन्या गिटारवाल्याच्या माळ्यावर वीरभद्रप्पाचं एक बंद पडलेलं मशीन होतं. ते उघडून, तारेला तार जुळवून तिनं हुबेहूब तसंच दुसरं उभं केलं. पण तो कुणा दुसऱ्याचा आवाज होता. त्याला बाबांचा करायचा, तर प्रदीपकाकांवाचून गत्यंतर नव्हतं.

काका पार्टीचे ढोलकीवाले. दिवसा यंत्रमागावर, संध्याकाळी बाबांच्या शेजारी. सगळं आयुष्य खडखडाटात गेलेलं, त्यामुळं बोलणाऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बघायची मागवाल्यांची सवय अजून सुटली नव्हती. फोन केला की येसूकाकूच उचलायच्या. “आनते की,” म्हणायच्या आणि काकांना रिक्षात घालून घेऊन यायच्या.

पहिल्याच दिवशी काकांनी फर्मान काढलं होतं, “जालिंदरच्या मशीनपशी चप्पल न्हाय चालायची.” खुर्ची पुढं केली तर तीही नको. गुडघे कुरकुरत असताना हा माणूस खाली चटईवरच बसणार! “आमची बैठक खालीच, पोरी.” साक्षी स्टुलावर बसून वाजवायला लागली की काकांची मान खाली, नजर फरशीला खिळलेली. इतकं मन लावून ऐकणारा माणूस तिनं पाहिला नव्हता. मशीनमध्ये डोकं घालून पाठमोरी काही विचारलं तर ते उत्तरही देत नसत. जुन्या दिवसांत हरवले असतील, म्हणून तीही गप्प राही.

आज मात्र तिचा धीर सुटला. रजा संपत आली होती.

“काका, खरं सांगा. तुम्हाला तो आवाज आठवतोय ना?”

काका तिच्या तोंडाकडं बघत राहिले. “तुज्या बापाला इसरीन व्हय मी?”

ती वरमली. आता एकच इलाज उरला होता. चनमल्लप्पांच्या मशीनमधला जुना व्हॉल्व्ह तिनं काढून आणला होता, तो बसवला. काच हळूहळू लाल झाली. आई गुणगुणायची ती चाल तिनं सुरू केली.

आवाज जरा खरखरीत निघाला. पण त्यात ऊब होती, आणि शेवटाला बारीकशी थरथर. साक्षी वाजवत राहिली. आपण कुठं बसलोय, कशासाठी बसलोय, सगळं विसरली. फरशी गार होती. एका पायावर दुसरा पाय घासत ती वाजवतच राहिली.

“बास!” काका ओरडले. “हेच! आला बघ जालिंदर!”

त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. साक्षीनं गिटार टाकली आणि त्या गरम मशीनला मिठी मारून लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली. बाबा असे होते तर. असे बोलायचे.

चहा झाला. काका बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. येसूकाकूंनी पिशवीतून एक डबी काढून साक्षीच्या हातात दिली.

“पोरी, तुला असलं कळतं की. ह्ये जरा बघ नीट हुतंय का. ह्यांचं कानाचं मशीन हाय. लई दिस झालं बंद पडून.”

“अगंबाई! काकांना कमी ऐकू येतं?”

“कमी कुटलं? ठार भैरे हायत. त्या मागांनी कान खाल्लं त्यांचं. तोंडाकडं बघून बोलत्यात म्हनून कुनाच्या ध्यानात येत न्हाय.” काकू थबकल्या. “तुला म्हाईत न्हाय व्हय? मी म्हनलं हुतं, पोरीला सांगा. तर म्हनले, नगं, मला कळतंय बरोबर.”

साक्षीनं डबी खाली ठेवली.

“ऐकू येत नाही, तर कळायचं कसं?”

“तुज्या पायाकडं बघून,” काकू म्हणाल्या. “तान्ही हुतीस तवा मशीनला टेकून बसायचीस. दुसरं कुनीबी वाजवू दे, ढिम्म. बापानं वाजवलं की मातूर एका पायावर दुसरा पाय घासाय लागायचीस.”