सहावं नाव

“ह्या कागदावरची नावां रोझारीत मिसळू नको गो, तेंचो धर्म वेगळो. नुसती नावां घे. एक पण गाळू नको,” सासूबाईंनी शेवटच्या आजारात सांगितलं होतं. तरुणपणी मुंबईत त्या पोलंडहून जीव वाचवून आलेल्या एका ज्यू बाईंकडे कामाला होत्या. त्या बाईंची सहा माणसं जर्मनांच्या छावणीत मारली गेली. कागदावर त्यांचीच नावं होती.

रोज संध्याकाळी रोझारीची प्रार्थना संपली की मी तो कागद वाचते. हाना. याकोव. एस्तेर. लेब. मिर्ला. प्रत्येक नावाला भिंतीकडचं रिकामं बाक करकरतं, कुणीतरी उठून गेल्यासारखं.

सहावं नाव वाळवीने खाल्लंय. तिथे फक्त ‘वय चार’ एवढंच उरलंय, म्हणून मी ते सोडून देत आले.

काल कागद मिटला आणि बाकाच्या पायावर टाचा आपटू लागल्या. हलक्या, जमिनीला पाय न पोचणाऱ्या मुलाच्या असाव्यात तशा. सकाळीही त्या चालूच होत्या.

“खंय चललंस गो?” माझ्या नवऱ्याने, फॉस्टिनने, बाकाकडे न बघता विचारलं.

“बांद्याक, तुझ्या मावशीकडे. ती तेव्हा मुंबयत मायच्या सोबतीन त्याच बाईच्या घरात कामाक होती. तिका नाव माहीत असतला.”

“तिका आता माझा नाव आठवणा नाय!”

मी कागद पिशवीत ठेवला. बाकाकडे वळून हळूच म्हटलं, “बस हां बाळा, मी येतंय.”

टाचा थांबल्या. दार उघडंच ठेवून मी निघाले.