सोबतीला कोण?

“बांताय कुठाय तुमचा?” सिस्टर रोवेनाने कागदावरून मान वर न काढताच विचारलं.

बांताय म्हणजे पेशंटसोबतचं घरचं माणूस. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या या इस्पितळात त्याच्याशिवाय झोपेचं इंजेक्शन देत नाहीत.

“इंजेक्शन नको. जागेपणीच घाला दुर्बिणीची नळी,” पर्लिता म्हणाली.

“ऐका आता! गेल्या वर्षी इंजेक्शन घेऊनसुद्धा माझा हात पिरगाळला होतात, मानांग. मानोंग आन्सेल्मो कुठे राहिले? फाटकापाशी कोंबड्यांच्या झुंजीवर भाषण चाललंय वाटतं?”

मानांग म्हणजे ताई, मानोंग म्हणजे दादा; इथे वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात. पर्लिताने मांडीवरचा थर्मास घट्ट धरला. “ह्या वर्षी मी एकटीच.”

“असं कसं? त्यांच्याशिवाय करमणार नाही आम्हाला.” रोवेना पोट दाबून, डोळे गरगर फिरवत, हुबेहूब आन्सेल्मोसारखी बाकावर वाकली. “‘नळी बायकोच्या पोटात, आणि कळा मला!’”

काउंटरवरच्या दोघी खिदळल्या.

पाच वर्षांपूर्वी पर्लिताच्या जठरात मुगाएवढ्या चार गाठी सापडल्या. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. ते नाव ऐकूनच आन्सेल्मो मटकन खाली बसला होता. डॉक्टर सालाझार हसल्या. तुमच्या ह्या गाठी आळशी जातीच्या आहेत, म्हणाल्या. कापायची घाई नाही, पण दरवर्षी दुर्बीण घालून बघायचं. नजर हटवायची नाही.

तेव्हापासून नजर ठेवायचं काम आन्सेल्मोने अंगावर घेतलं. भिंतीवर नवं कॅलेंडर लागलं की पहिलं लाल वर्तुळ तपासणीच्या तारखेला. दर महिन्याच्या बी-ट्वेल्व व्हिटॅमिनच्या सुईला तिला स्वतः घेऊन जायचा. तपासणी झाली की थर्मासमधली आल्याची पेज चमच्याने भरवायचा.

“तुम्हीही घ्या की दोन घास.”

“तुझ्या काळजीनेच पोट भरलंय माझं,” तो म्हणायचा आणि थर्मासचं झाकण लावायचा.

आजच्या तारखेभोवतीही त्याच्याच हातचं वर्तुळ होतं. म्हणून ती आली. नाहीतर आली नसती.

नळी घशातून उतरली. ओकाऱ्या आल्या, डोळे वाहू लागले. तिने या खेपेला कुणाचा हात पिरगाळला नाही. पहिल्यांदाच तिला पडद्यावर स्वतःचं पोट दिसलं. ओलं, गुलाबी, आणि त्यात त्या चार चिमुकल्या गाठी. एवढ्याशा दाण्यांसाठी त्या माणसाने पाच वर्षं जिवाचं रान केलं होतं. डॉक्टर एकेक गाठ मापत होत्या.

“तेवढ्याच आहेत. तशाच!” नळी बाहेर काढत त्या म्हणाल्या. “म्हाताऱ्या होऊन मराल मानांग, पण ह्या गाठींनी नाही. रोवेना, मानोंगना आत बोलाव. त्यांचे शंभर प्रश्न झाल्याशिवाय मला जेवायला मिळत नाही.”

“आज आलेच नाहीत ते,” रोवेना म्हणाली.

पर्लिता उठून बसली. तोंड पुसलं.

“जूनमध्ये गेले. जठराचाच कॅन्सर. कळला तेव्हा सगळीकडे पसरला होता.”

फवाऱ्याच्या औषधाने तिचा घसा अजून बधिर होता. शब्द एकेक करून आले.

“दरवर्षी त्या बाकावर पोट दाबून बसायचे, डॉक्टर. दुखतंय म्हणून सांगायचेसुद्धा. आणि आपण सगळ्याजणी हसायचो.”