सिस्टिम गेली तर

"फोटो वाचतील, फायली वाचतील. प्रोग्राम वाचणार नाहीत, काका."

म्हातारा काउंटरवरच्या कॉम्प्युटरच्या उघड्या डब्याकडे बघत राहिला. "का नाही? आत आहेत ना?"

"आहेत. पण प्रोग्राम म्हणजे फाइल नव्हे, उचलली आणि दुसरीकडे ठेवली." दुरुस्तीवालीनं हात पुसले. "तो बसवला की सिस्टिमभर मुळं सोडतो. सिस्टिम मेलीय. नवी टाकली की मुळं गेली. नुसतं खोड घेऊन काय करणार?"

"आम्ही छापखान्यात अक्षरं जुळवलेला फर्मा सुतळीनं बांधून फळीवर ठेवायचो. वर्षानं सोडला तरी एक खिळा हलायचा नाही. आणि तुमच्या या एवढ्या हुशार यंत्राला साधी सुतळी नाही?"

"नाही. ज्यांनी बनवलं, त्यांनी सुतळी ठेवलीच नाही."

म्हातारा खिळेजुळारी होता. छापखान्यात शिशाचं एकेक अक्षर, म्हणजे खिळा, खणातून उचलायचं, ओळ बांधायची, पान बांधायचं. तेहतीस वर्षं. मग मालकानं कॉम्प्युटर आणला, एका दुपारी सातही जुळाऱ्यांना घरी पाठवलं आणि खिळे भंगारात घातले. मालकाला लाज वाटली नाही. अशा माणसांना वाटत नसते. त्याच महिन्यात जुळाऱ्याच्या मुलानं घरी हा डबा आणला. "शिका की, बाबा. अक्षरं तीच आहेत." चोरी झालेल्या घरात कुणी चोराचा फोटो लावावा, तसं झालं बापाला. रोज भांडण. शेवटी एक दिवस तो ओरडला, "या घरात हा डबा राहील, नाहीतर मी!"

गेला मुलगा. राहिले दोघे, बाप आणि डबा.

सहा वर्षं म्हातारा रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसायचा. बटण दाबायचा. पडद्यावर दोन चौकोन यायचे. वर मुलाचं नाव, खाली 'बाबा'. मुलाचं नाव तो डोळे भरून बघायचा. 'बाबा'ला त्यानं कधी बोट लावलं नाही. ते पोरानं टोचून लिहिलंय, अशी त्याची खात्री होती. मग बंद. पोरगा येईल तेव्हा त्याला सगळं जिथल्या तिथे मिळालं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. खुर्चीसुद्धा त्यानं हलवली नव्हती. गेल्या आठवड्यात पडदा काळा तो काळाच राहिला.

"पोराला फोन करून विचारा ना, कुठले प्रोग्राम हवेत ते," ती म्हणाली.

"त्याचा फोन नाही, पत्र नाही. सहा वर्षं वाट बघतोय."

तिनं डिस्क काढली, आपल्या मशिनला जोडली. "यादी तरी काढते. मिळतील तेवढे नवे टाकू."

यादी निघाली. ती वाचत गेली. गाण्यांचा. चित्रांचा. गाड्यांच्या शर्यतीचा. "चोवीस आहेत. सगळे स्वतःपुरते बसवलेत. बसवताना विचारतं ते, एकट्यासाठी की सगळ्यांसाठी. पोरगा एकलकोंडा दिसतोय."

"बापावर गेलाय."

ती हसली आणि मधेच थांबली. "नाही, चोविसावा वेगळा आहे. 'बाबा' या नावावर बसवलाय. सगळ्यात शेवटी. शेवटचा वापर..." तिनं पुन्हा नीट बघितलं. "कधीच नाही."

म्हाताऱ्यानं स्टूल पुढे ओढलं.

"आणि याचा मूळ सेटअप, ज्यातून तो पुन्हा बसवता येतो, बाजूला काढून ठेवलाय, काका. वेगळ्या भागात, सिस्टिमपासून लांब. फोल्डरला नाव दिलंय 'सिस्टिम गेली तर'. आत हा एकच. स्वतःचे तेवीस वाऱ्यावर सोडले आणि हा एवढा वाचवला. मिळाली बघा तुमची सुतळी." तिनं तो आपल्या मशिनवर बसवला आणि चालू केला. "पोरानं स्वतःच बनवलेला दिसतोय. हे काय आहे पण? कीबोर्डसारखं तर काहीच दिसत नाही."

पडद्यावर खण होते. लहान, मोठे, आडवे, उभे. प्रत्येकात एक अक्षर. हाताशी मोठ्या खणात 'क', शेजारी काना, नेहमी लागतात म्हणून. क्वचित लागणारी अक्षरं वर, लांब. क्लिक केलं की अक्षर उचललं जात होतं आणि खालच्या ओळीत जाऊन बसत होतं.

म्हातारा उठून उभा राहिला. ती त्याची केस होती, खिळ्यांच्या खणांची पेटी. तेहतीस वर्षं जिच्यापुढे तो उभा होता, ती. शाळेला सुट्टी लागली की पोरगा तिच्याखाली बसून सांडलेले खिळे वेचायचा, आणि विचारून विचारून डोकं उठवायचा, हा कुठल्या खणातला, तो कुठल्या. म्हाताऱ्याचा उजवा हात काउंटरच्या काचेवर आपोआप फिरू लागला. इथून तिथे, तिथून इथे. हात काही विसरला नव्हता.

"हा टाकते," ती हळूच म्हणाली. "बाकीचे?"

"बाकीचे राहू दे. त्याचे तो टाकील."

तो पडद्याशी वाकला. नाक टेकायचंच बाकी होतं. "ळ चुकलाय. ळ या खणात नसतो. गाढव! शंभरदा सांगितलं होतं." मग त्याचा आवाज खाली आला. "सांगायला पाहिजे त्याला."

"पण पत्ता कुठाय?"

म्हाताऱ्यानं शर्टाच्या खिशातून कागदाची घडी काढली. घड्यांवर कागद विरला होता. आत पत्ता होता, अक्षर पोराचं.

"गेला त्या दिवशी टेबलावर ठेवून गेला होता."